काचेतलं पाणी

तेलाचा भाव वाढला की आमच्या घरात बाबांचा चेहरा खुलायचा. गल्लीतल्या बाकी सगळ्या घरांतून शिव्याशाप ऐकू यायचे, आणि आमचे बाबा पेपरची घडी मांडीवर ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून आईला सांगायचे, "ऐकलंस का, अजून वाढलं." जसा काही मुलगा मॅट्रिकला पहिला आला. आई तेव्हा बहुतेक रॉकेलच्या लाइनीतून आलेली असायची. कॅन दाराशी आपटून ती म्हणायची, वाढलं ना, मग आज त्या आनंदावरच स्वयंपाक करा. बाबा हसायचे. त्यांना खरंच आनंद झालेला असायचा आणि तो लपवणं त्यांना जमायचं नाही.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये बॉयलर अटेंडंट होते. आजोबा खानदेशातून त्याच मिलमध्ये कारकुनीला आले आणि इथलेच झाले. बाबांचं डोकं कागदांत रमेना, म्हणून त्यांना बॉयलर हाऊसमध्ये चिकटवून दिलं. तिथे मात्र ते असे रमले की विचारू नका. बॉयलर म्हणजे रेल्वेच्या डब्याएवढं आडवं लोखंडी पिंप, विटांच्या ओट्यात अर्धं बसवलेलं, पोटात दोन लांबलचक भट्ट्या. त्यांत कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि ती खळीच्या, रंगाच्या, वाळवणाच्या खात्यांना पाठवायची. माग कधीचेच विजेवर गेले होते, पण वाफेशिवाय कापड गेटबाहेर पडत नव्हतं. सगळी मिल माझ्या फुंकरीवर चालते, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि आई आतून भांडी वाजवायची.

बॉयलरच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. बॉयलरवाल्याचा धर्म एकच, काचेत पाणी दिसलं पाहिजे. पाणी काचेखाली गेलं की भट्टीचा पत्रा उघडा पडतो, तापून लाल होतो, आणि मग बॉयलर फुटतो, माणसांसकट. बाबांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की घरी आले की चपला काढायच्या आधी माठात डोकावायचे. आई वैतागायची. माझा माठ काही फुटत नाही हो, म्हणायची, तुम्ही आधी हातपाय धुवा.

मिल बंद पडली तेव्हा देशात सगळं उघडत होतं. परदेशी माल येणार, कंपन्या येणार, नोकऱ्या येणार, असं टीव्हीवर रोज सांगत होते, आणि इथे गेटवर नोटीस लागली. मी दहावीत होते. नोटिशीत ‘काही काळासाठी’ असं लिहिलेलं होतं, आणि तेवढे शब्द धरून आम्ही बसलो. घरात कोणी ‘मिल बंद झाली’ म्हणायचं नाही, ‘बंद आहे’ म्हणायचं. दुपारी दुकान बंद असतं तसं.

शेवटच्या पाळीला बाबा होते आणि त्यांचे जोडीदार होते. जोडीदार म्हणजे भट्टीत कोळसा मारणारे फायरमन, देपालपूरकडचे, मी त्यांना काका म्हणायचे. काम थांबवताना बॉयलरची आग विझवत नाहीत, राखेखाली दाबून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर हलवली की पेटते. त्या दिवशीही दोघांनी आग नीट दाबली आणि घरी आले. चार-आठ दिवसांत ती आपोआप विझली. तेव्हा काका म्हणाले की आता बॉयलर रिकामा करू, आतून कोरडा करू, ओल शोषायला कळीच्या चुन्याच्या थाळ्या आत ठेवू आणि झाकणं घट्ट लावून टाकू. बंद बॉयलर ठेवायची ती रीतच आहे, बाबांनाही ती चांगली माहीत होती. पण बाबा भडकले. रिकामा केला म्हणजे मिल गेली असं आपणच आपल्या तोंडाने म्हटलं, आणि उद्या बोलावणं आलं तर कोरडा बॉयलर दाखवणार का, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं गेटवरच चांगलं वाजलं. शेवटी काकांनी हात जोडले. "जैसी आपकी मर्जी, भिया," म्हणाले, आणि गावी गेले ते तिकडेच राहिले.

पाणी तसंच राहिलं, काचेत अर्ध्यावर.

मिलच्या आवारात मारुतीचं देऊळ होतं. शनिवारी जुन्या कामगारांना दर्शनाला आत सोडायचे. बाबा नारळ फोडायचे, प्रसाद चौकीदाराच्या हातावर ठेवायचे आणि सरळ बॉयलर हाऊसकडे वळायचे. चौकीदार ओळखीचा, तो दुसरीकडे बघायचा. मी कधी कधी बरोबर जायचे. आत कबुतरांची घाण, पायाखाली कोळशाचा चुरा, आणि एक दमट वास, तो पुढे वर्षावर्षाला वाढतच गेला. बाबा खिशातून स्वच्छ फडकं काढून आधी काच पुसायचे आणि मग वाकून बघायचे. पाणी थोडं उतरलेलं असायचं. मग हौदातून बादल्या आणायच्या, शिडीवर चढायचं आणि वरच्या झाकणातून ओतायच्या, पाणी परत आपल्या जागेवर येईपर्यंत. मी एकदा विचारलं, आग नाही, वाफ नाही, मग पाणी जातं कुठे? म्हणाले, उन्हाळ्यात माठातलं कमी होत नाही का? मला ते पटलं. माठातलं कमी होत होतंच.

त्यांचं तेलाचं शास्त्र मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. मिल बंद पडायच्या थोडं आधी आखातात युद्ध झालं होतं, रॉकेल मिळेनासं झालं होतं, पंपांवर गाड्यांच्या रांगा कोपऱ्यापलीकडे जात होत्या. बाबांच्या डोक्यात तेव्हापासून हे सुरू झालं. जमिनीखालचं तेल म्हणजे बापजाद्यांनी पुरलेला हंडा, त्यात भर कोणी टाकत नाही, सगळे नुसते उपसतात. आज ना उद्या तळ लागणार. आणि सुती कापडाला मारलं कोणी? पॉलिस्टरने. पॉलिस्टर निघतं कशातून? तेलातून. मग ते एकेक बोट मिटत जायचे.

"तेल संपलं की पॉलिस्टर संपलं. पॉलिस्टर संपलं की सूत आलं. सूत आलं की मिल आली. मिल आली की वाफ आली. आणि वाफ आली की मी आलो."

पाच बोटं मिटून मूठ व्हायची. ती मूठ ते गुडघ्यावर हलकेच आपटायचे आणि आमच्याकडे बघायचे. आता हसा, अशा नजरेने. आम्हीही हसायचो. पण खोटं कशाला बोलू, त्यात चूक काय आहे ते मला बी.ए. होऊनही सांगता यायचं नाही.

दुसरी नोकरी त्यांनी घेतलीच नाही. मामाने एका कापडाच्या दुकानात बोलणं केलं होतं. एका दवाखान्यात लिफ्ट चालवायचं काम होतं. एका थिएटरच्या गेटवर तिकिटं फाडायचं होतं. सगळ्यांना यांचं एकच उत्तर, मला केव्हाही बोलावतील, मग तुमची पंचाईत होईल. अशा रीतीने जगाची पंचाईत होऊ नये म्हणून आमचे बाबा घरी बसले. बॉयलरचं सर्टिफिकेट तेवढं त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं होतं, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. आई उदबत्ती ओवाळताना हात मुद्दाम लक्ष्मीपाशीच थांबवायची.

घर आई चालवत होती. ती साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. गंमत बघा, सगळ्या साड्या पॉलिस्टरच्या. सुरतेहून गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, आणि बाबा ज्याच्या मरणाची वाट बघत होते त्याच्यावर आमचं पोट चाललेलं. बाबा त्या साड्यांना हात लावायचे नाहीत. कधी पलंगावर पसरलेल्या असल्या तर जमिनीवर बसायचे. एकदा आई तापाने पडली होती आणि साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या, म्हणून मी म्हटलं, बाबा, तुम्ही शर्टाची बटनं लावता ना, एवढं फॉल टाचून द्या. त्यांनी सुई घेतली, साडी मांडीवर ओढली आणि तशीच परत ठेवली. आई पडल्या पडल्या बघत होती. ती उठली आणि तिने तापात बसून त्या साड्या पुऱ्या केल्या. त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

शहर तर तेलावर जणू पोहायलाच लागलं होतं. ज्यांच्याकडे सायकल होती त्यांच्याकडे स्कूटर आली, स्कूटरवाल्यांकडे मारुती आली. कृष्णपुऱ्याच्या पुलावर पूर्वी मिल सुटली की सायकलींचा लोंढा यायचा, तिथे आता काळा धूर सोडणारे टेम्पो एकमेकांना चिकटून उभे. बाबा म्हणायचे, उडवा, लवकर उडवा, तेवढं लवकर संपेल. शेजारच्यांनी गच्चीवर उन्हाचा बंब बसवला, सोलरचा. त्यांनी बाबांना कौतुकाने वर नेलं, म्हणाले, भाऊसाहेब, आता कोळसा पण नको आणि तेल पण नको. बाबा बंबाला हात लावून खाली आले. घरी म्हणाले, सूर्य माणूस चांगला आहे, पण फक्त पहिली पाळी करतो. देवासच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही बसमधून त्या बघितल्या. अर्ध्या फिरत होत्या, अर्ध्या थांबलेल्या. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, वारा म्हणजे बदली कामगार, आला तर आला. बसमधले दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं काका मजेशीर आहेत. ते मजा करत नव्हते. वाफेला पर्याय कुठून येत नाही ना, यावर त्यांची नजर होती.

अशी वर्षं गेली. मी एका विम्याच्या ऑफिसात लागले. आईचे डोळे गेल्यासारखे झाले, सुईत दोरा मी ओवून ठेवायचे, दहा-बारा सुया एकदम. मिलच्या कामगारांचे पैसे कोर्टात अडकले होते, दर वेळी पुढची तारीख. बाबांच्या बरोबरीचे काही जण गेले, काही जण भाजीची गाडी लावून बसले. बाबा शनिवारी नारळ घेऊन जातच होते. आता शिडी चढताना ते मध्ये थांबायचे आणि बादल्या अर्ध्याच भरायचे.

आणि मग तेल खरंच महाग झालं. पूर्वी चढायचं आणि थोडं उतरायचं, आता चढायचं आणि चढूनच बसायचं. बाबा पेपर वाचून हाक मारेनासे झाले, गप्प बसायचे, लग्नघरात मुलीचा बाप बसतो तसे, आता वरात दाराशी येईल म्हणून. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

तर खरंच एक शेठ दाराशी आले.

त्यांचा सोयाबीनचा कारखाना होता, शहराबाहेर. माळव्यात तेव्हा जिकडे तिकडे सोयाबीन झालं होतं. तेल काढायला त्यांना वाफ लागायची आणि वाफेसाठी ते भट्टीत काळं जाड तेल जाळायचे. ते आता परवडेना. सोयाबीनचा भुसा कारखान्यात ढिगाने पडलेला, तो जाळता येईल असा मोठ्या भट्टीचा जुना बॉयलर स्वस्तात हवा होता. मिलचं सामान विकायला निघालंय आणि बॉयलर आतापर्यंत कोणीतरी सांभाळलाय, हे त्यांना चौकीदाराकडून कळलं होतं. बॉयलर तपासणीत उतरला तर तो घेणार आणि चालवायला बाबांनाच नेणार, असं त्यांनी आमच्या पलंगावर बसून सांगितलं.

शेठ गेल्यावर बाबांनी आईकडे बघितलं. आईने इतक्या वर्षांत ऐकवलेलं सगळं त्या एका बघण्यात त्यांनी परत केलं. आणि आई, माझी आई, जिने त्या बॉयलरला सवत म्हणून शिव्या घातल्या होत्या, ती रडायला लागली. म्हणाली, अहो, तुमचं खरं झालं. दुसऱ्या दिवशी तिने खाकी कापड आणलं, सुती, मुद्दाम विचारून. डोळ्यांना दिसत नसताना तिने स्वतः शर्ट-पँट शिवली. एक बाही किंचित लांब झाली. बाबा म्हणाले, राहू दे, भट्टीसमोर दुमडावीच लागते. त्या आठवड्यात आमच्या घरात जे वातावरण होतं तसं ना आधी कधी होतं, ना नंतर आलं. बाबांनी आईचा माठ भरला, वर विचारलं, अजून कुठलं पाणी भरू? आणि आई लाजली. बघा, मी काय काय बघितलंय.

तपासणीच्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी घेतली. सरकारी इन्स्पेक्टर आले, तरुण होते, बोलायला मऊ. बाबा नवे खाकी कपडे घालून, बाही दुमडून, बॉयलरच्या तोंडाशी उभे. इन्स्पेक्टर म्हणाले, आधी पाणी सोडा. बाबांनी खालचा कॉक उघडला. पाणी लाल आलं. गंजलेलं, गेरू कालवल्यासारखं, नाल्यातून वाहत गेलं, बराच वेळ. बाबा म्हणाले, जुनं आहे, गाळ आहे.

मग इन्स्पेक्टर हातात लहान हातोडी आणि टॉर्च घेऊन आत शिरले. पत्र्यावर ठोकून बघतात, आवाजावरून कळतं. आम्ही बाहेर ऐकत होतो. पहिले ठोके खणखणीत आले. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढे आवाज बद्द येऊ लागला. मग इन्स्पेक्टर बाहेर येऊन, खालच्या बाजूने, जिथे लोखंड विटांवर टेकलेलं असतं तिथल्या धुराच्या बोगद्यात गेले. तिथे दोन ठोके ऐकू आले. तिसरा आलाच नाही. हातोडी पत्र्यातून आरपार गेली होती.

ते बाहेर आले, हात झटकले आणि त्यांनी विचारलं, यात पाणी कोणी भरून ठेवलं होतं?

"मैंने," बाबा म्हणाले.

"कम होता था?"

"होता था."

"तो जाता कहाँ था, चाचा?"

ते पाणी सगळी वर्षं जोडांतून झिरपून विटांत जात होतं, आणि ओल्या विटा बॉयलरला खालून खात होत्या. जेवढं गेलं तेवढं बाबा शनिवारी वरून भरत होते. इन्स्पेक्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते शेठना समजावून सांगत होते की जुनं लोखंड फार चांगलं असतं, कोरडा करून चुना ठेवला असता तर हा अजून पन्नास वर्षं चालला असता. बाबा शेजारीच उभे होते. मला वाटलं त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा.

बाबांना माहीत नव्हतं का? हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. ज्याने उभा जन्म बॉयलरसमोर काढला त्याला बंद भांड्यातलं पाणी का उतरतं हे कळलं नसेल? मला वाटतं कळलं होतं, पहिल्याच उन्हाळ्यात. पण काच रिकामी बघायची त्यांची छाती झाली नाही. घरी येताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले, तुझे देपालपूरचे काका बरोबर म्हणत होते. काका तेव्हा जिवंत नव्हते.

बॉयलर भंगारात गेला. गॅसने कापून त्याचे तुकडे केले आणि ट्रकमध्ये भरले. बाबा बघायला गेले नाहीत. शनिवारी घरीच बसले. आई म्हणाली, देवाला तरी जाऊन या. ते म्हणाले, देवासाठी कोण जात होतं.

महिन्याभराने शेठ परत आले. भले गृहस्थ होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणाले, तो गेला तर गेला, बाबूजी, मी नवाच मागवलाय, भुशावर चालणारा. त्याला सर्टिफिकेटवाला माणूस लागतो आणि मला तुमच्यासारखा पाहिजे. राहायला खोली देतो, पगार देतो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पदर घट्ट धरून. हेच तर हवं होतं. तेल महागलं होतं, वाफ परत आली होती, आणि माणूस स्वतःच्या पायाने चालत बोलवायला आला होता. बाबांनी बोटं मिटून सांगितलेलं सगळं आमच्या पलंगावर येऊन बसलं होतं.

बाबा उठले. त्यांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून पालथं केलं आणि फळीवर ठेवलं.

"सेठजी," ते म्हणाले, "जो मेरे पास था उसको मैंने अपने हाथ से सड़ाया है. अब दूसरा मत दो मुझे."

शेठनी समजावलं. मीही समजावलं, मग ओरडले. आई तर पुढे आली आणि परक्या माणसासमोर नवऱ्याच्या पायाशी बसली. "हो म्हणा हो," म्हणाली, "माझ्यासाठी म्हणा. मी कधी काही मागितलं नाही." बाबांनी तिला दंडाला धरून उठवलं, पण हो म्हणाले नाहीत. शेठ चहा न घेता गेले.

आई नंतर बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. ते रिकामे बसले ते तिने सोसलं होतं, सुईत दोरा दिसेनासा झाला तेही सोसलं होतं. सगळं या दिवसाच्या भरवशावर. ती मला म्हणाली, "ते खुळे असते तर बरं झालं असतं गं. खुळ्या माणसाचा राग तरी करता येतो." त्यानंतर तिने पुन्हा कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मला मात्र बाबांचा राग येतो, अजून येतो. आणि त्याच्याच खाली अशी दया येते की मला तिचं काय करावं कळत नाही.

त्याच वर्षी मामाने परत एक काम आणलं आणि बाबांनी ते न विचारता घेतलं. माझ्या ऑफिसच्या वाटेवर पेट्रोल पंप होता, तिथे रांग नीट लावायला एक वयस्क माणूस हवा होता. त्यांना टोपी आणि शिटी मिळाली. आईने शिवलेले खाकी कपडे त्यांनी तिथे घातले, कारण दुसरे खाकी नव्हते. भाव बदलला की फळ्यावरचे आकडे बदलायचं कामही त्यांचंच होतं. स्टुलावर चढायचे, जुना आकडा काढायचे, नवा अडकवायचे, उतरायचे आणि परत रांगेपाशी येऊन उभे राहायचे.

एकदा मी माझ्या स्कूटीत पेट्रोल भरायला तिथे थांबले. बाबा नुकतेच स्टुलावरून उतरले होते. आकडा एवढा मोठा होता की पुढचा माणूस पंपवाल्याशी भांडत होता. मला काय वाटलं कोण जाणे, त्यांना बोलतं करावंसं वाटलं, चिडवावंसं वाटलं, पूर्वी एका प्रश्नावर अर्धा तास बोलायचे तसं. मी विचारलं, "बाबा, आता अजून किती वर्षं पुरेल हो हे?"

त्यांनी शिटी तोंडातून काढली. माझ्याकडे बघितलं नाही.

"गाडी पुढे घे," म्हणाले, "मागे लोक उभे आहेत."